किल्लीवाल्याचे नवे ट्रक

नऊ सप्टेंबरला किल्लीवाल्याने चार हजार सहाशे पन्नास रुपयांची खरेदी केली. स्वतःसाठी एवढी रक्कम त्याने आयुष्यात कधी एकदम मोडली नव्हती. लग्नातला सदरासुद्धा बायकोनेच शिवलेला होता. आणि घेतलं काय, तर ट्रकची जोडी.

माल वाहणारा ट्रक नव्हे. स्केटबोर्डच्या फळीखाली चाकांचा आस धरून ठेवणारा जो धातूचा सांगाडा असतो, त्यालाही ट्रकच म्हणतात. एक पुढे, एक मागे. किल्लीवाल्याचे दोन्ही पाय मांडीपासून नव्हते. तो अशाच एका रुंद फळीवर बसून, हातात दोन लाकडी ठोकळे धरून, जमीन मागे ढकलत फिरायचा. तरुणपणी गोदामात हमाल असताना मागे येणाऱ्या मालट्रकने त्याला भिंतीशी गाठलं होतं. तो गमतीने सांगायचा, "मोठ्या ट्रकनं पाय नेले, छोट्यानं आणून दिले. हिशेब फिटला."

पाय गेल्यावर तो एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याकडे बसायला लागला आणि किल्ल्या घासायला शिकला. बाजाराच्या कोपऱ्यावर, बूट दुरुस्तीच्या टपरीला लागून त्याची पेटी होती. हरवलेल्या किल्लीचं कुलूप आलं की तो ते कानाशी धरून आत तार फिरवायचा. "कुलूप बोलतं," म्हणायचा, "आपण बडबड केली नाही म्हणजे झालं."

बायकोही त्याला कुलपातूनच मिळाली. ती एका शिंप्याकडे शर्टांना काजं करायची. तिच्या ट्रंकेची किल्ली हरवली. त्याने करून दिलेली पहिली किल्ली लागली नाही, दुसरी अर्ध्यात अडकली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाला हे काम खरंच येतं, की मला चकरा मारायला लावताय?"

त्याने खिशातून एक किल्ली काढली. "बरोबर किल्ली पहिल्याच दिवशी झाली होती. ठेवून घेतली होती."

ती चिडली, मग हसली, आणि पुढे सव्वीस वर्षं त्याला "अहो" म्हणत राहिली. मूलबाळ झालं नाही. खोली एकच, तळमजल्यावरची. आरसा, नळ, दिव्याचं बटण, सगळं तिने त्याच्या हाताच्या उंचीवर लावून घेतलं होतं. स्वतः केस विंचरताना ती वाकायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "वाकल्यानं कंबर बारीक राहते."

त्या ऑगस्टमध्ये तिच्या पोटात पाणी झालं आणि तिला सरकारी इस्पितळात ठेवावं लागलं. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट स्ट्रेचरसाठी राखीव, इतरांना जिना. किल्लीवाल्यासाठी उरला तो उतरता रस्ता, ज्यावरून औषधांच्या गाड्या वर-खाली जातात. त्याला तीन वळणं होती, आणि तिन्ही अशी की पुढे भिंत यावी आणि रस्ता एकदम मागे फिरावा.

त्याच्या फळीचे जुने ट्रक भंगारातून आणलेले होते. मधला बोल्ट गंजून बसला होता, रबर दगड झालं होतं. शरीर कितीही कललं तरी चाकं हट्टाने सरळच जायची. शिवाय प्रत्येक धक्क्याला ते कुईऽऽ करून ओरडायचे. वळण आलं की तो फळीवरून खाली उतरायचा, फळी उचलून फिरवायचा, धप्पकन ठेवायचा आणि पुन्हा वर चढायचा. मागून गाडी ढकलत आलेला वॉर्डबॉय कधी थांबायचा, तर कधी कंटाळून त्याला काखेत धरून गोणीसारखा पुढे नेऊन ठेवायचा. ते त्याला फार लागायचं. हमाल असताना त्याने गोण्या वाहिल्या होत्या, गोणी कधी झाला नव्हता.

भेटीची वेळ चार ते सहा. तो वर पोचेपर्यंत निम्मा वेळ सरायचा आणि उजवा खांदा भरून यायचा. वॉर्डच्या दारात सिस्टर डोक्याला हात लावायच्या. "अहो काका, तेल घाला हो त्याला. आख्खं इस्पितळ जागं होतं."

"तेल पितो आणि वर ओरडतो," तो म्हणायचा. "जावयाची जात आहे."

बायको मात्र त्या आवाजाची थट्टा करायची. "आली तुमची वरात. घरात बायकोची कुरकुर, बाहेर फळीची. तुमचं नशीबच तसलं." ती आपल्या खाटेवर उशीला टेकून, केस नीट करून बसलेली असायची. रोज तशीच. ती दिवसभर अशीच टवटवीत असते, असं त्याला वाटायचं. खाट उंच होती. तो खाली बसला की तिला त्याचं फक्त कपाळ दिसायचं, म्हणून ती हात खाली सोडायची आणि तो धरून बसायचा.

एक दिवस तिने त्याचा खांदा चाचपला. तो कळवळला.

"काजाचे पैसे आहेत शिंप्याकडे," ती म्हणाली. "ते घ्या आणि त्या फळीला काहीतरी करा. मला इथून तुम्हाला न्यायला येता येत नाही."

"बरी होऊन घरी ये. मग बघू."

"घरी येईपर्यंत तुमचा हात गळून पडेल. पाय नाहीत ते चाललं. हातही नसले तर मी काय लोणचं घालू तुमचं?"

म्हणून नऊ तारखेला तो पुलाखालच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानवाली पस्तिशीची होती. एके काळी अशाच फळीवर उड्या मारून तिने दोन्ही मनगटं मोडून घेतली होती. तिने त्याची फळी उलटी केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, हे कुठल्या खोदकामात सापडलं?"

"हसू नकोस. वयानं तुझ्यापेक्षा मोठे आहेत ते."

तिने तीन जोड्या काढून ठेवल्या. पहिली उंच होती आणि तिचा मधला बोल्ट उलट्या बाजूने लावलेला. नुसता खांदा झुकवला तरी ती गर्रकन वळायची. किल्लीवाला तिच्यावर बसला आणि खूश झाला, पण पुढच्याच क्षणी त्याचे ठोकळे हवेतच फिरले. फळी चार बोटं उंच झाली होती, हात जमिनीला पोचेनात.

"ही उभ्या माणसाची," तो म्हणाला आणि उतरला.

दुसरी बुटकी, हलकी, स्वस्त. हात छान पोचले. पण आस फळीहून रुंद होता. इस्पितळाच्या दारात गुरंढोरं आत येऊ नयेत म्हणून दोन लोखंडी खांब रोवलेले होते. त्याने खिशातून सुतळी काढली. खांबांमधलं अंतर त्याने सकाळीच गाठ मारून आणलं होतं. चाकं गाठीच्या बाहेर गेली. शिवाय फळीला जोडायची पट्टी ओतीव, म्हणजे ठिसूळ धातूची होती. दुकानवालीने स्वतःच नाक मुरडलं. "ही पोरांना ठीक. तुमचं सगळं वजन दिवसभर एकाच जागी. सहा महिन्यांत तडा जाईल."

तिसरी मधल्या उंचीची, घडीव धातूची, अरुंद आसाची. वळायला पहिलीइतकी चपळ नव्हती.

"वळण सगळं रबरावर आहे, काका. मऊ घातलं तर पटकन वळेल, पण उतारावर थरथरेल. कडक घातलं तर थरथरणार नाही, पण वळवताना जीव काढेल."

"पुढे मऊ घाल, मागे कडक."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, घातलं, आणि दुकानामागच्या चढावर त्याला सोडलं. तो वर गेला, डावीकडे झुकला. फळी सावकाश, मोठ्या जहाजासारखी पूर्ण फिरली आणि त्याला खाली घेऊन आली. त्याने एकदाही जमिनीला हात लावला नव्हता.

जुन्या फळीची भोकं जुळत नव्हती, ती तिने नवी पाडून दिली. "आणि एक सांगू? आवाज अजिबात नाही. आतल्या खोबणीत प्लास्टिकची वाटी आहे."

"वा! सिस्टर पेढे वाटतील."

वळण पाहिलं, मजबुती पाहिली, माप पाहिलं. आवाज न होणं हे वर मिळालेलं बक्षीस होतं. हातात चार हजार तीनशे होते. बाकीचे आठवड्यात देतो म्हणाला. जुने ट्रक तिने भंगाराच्या खोक्यात टाकले आणि तो थेट इस्पितळाकडे निघाला.

दोन खांबांमधून तो अल्लद आत गेला. पहिलं वळण. दुसरं. तिसरं. वॉर्डबॉय गाडी धरून बघतच राहिला. सिस्टर कागदावर वाकल्या होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. वॉर्डच्या घड्याळात चार वाजून थोडीच मिनिटं झाली होती. आजवर तो इतक्या लवकर कधी पोचला नव्हता. तिला काय काय सांगायचं, याची त्याने वाटेत जुळणी करून ठेवली होती. आधी सुतळीची गंमत, मग ते वळण.

ती आडवी होती. तापाने उजेड सहन होत नव्हता म्हणून डोळ्यांवर ओल्या रुमालाची घडी होती. शेजारची खाट रिकामी होती, तिथल्या म्हातारीला तपासणीला नेलं होतं. आदल्या दिवशीच सिस्टर त्याला म्हणाल्या होत्या, "त्यांना तीन रात्री झोप नाही. डोळा लागलेला दिसला तर उठवू नका." त्याला वाटलं, डोळा लागलाय. तो खाटेला फळी लावून खाली बसला. तिचा हात आज वरच होता, छातीवर. तो घ्यायला त्याला ठोकळे आपटून उठावं लागलं असतं. त्याने चादरीचं लोंबणारं टोक धरलं आणि सहा वाजेपर्यंत तो तसाच गप्प बसून राहिला. तिने एकदा मान दाराकडे वळवली. झोपेत कूस बदलतेय, असं त्याला वाटलं. घंटा झाल्यावर तो जसा आला तसाच, आवाज न करता, निघून गेला. उद्या सांगू, म्हणाला मनाशी.

ती पहाटे गेली.

सकाळी निरोप मिळून तो आला तेव्हा आयाबाई तिच्या वस्तू पिशवीत भरत होत्या. बाई फटकळ, पण मायेच्या. त्यांनी पिशवी त्याच्या पुढ्यात फळीवर ठेवली आणि राहवेना म्हणून बोलल्याच, "काल का नाही हो आलात? नेमके कालच?"

त्याने पिशवीचं तोंड मुठीत धरलं.

"रोज तुमची कुईकुई खालून ऐकू आली की मला हाक मारायच्या. 'मावशी, उठवा, हे निघाले.' पहिलं वळण झालं की उशी. दुसऱ्याला केस. तिसऱ्यापर्यंत बसत्या करायचे मी त्यांना. नाहीतर दिवसभर मान उचलत नव्हत्या. काल चारपासून कान लावून पडल्या होत्या. सहानंतर मी गेले तर विचारलं, 'मावशी, आज आवाज नाही आला.' मी म्हटलं, नसतील आले. तर म्हणाल्या, 'बरं झालं. खांदा दुखत असेल त्यांचा.'"

"आलो होतो," किल्लीवाला म्हणाला.

आयाबाईंना ते नीट कळलं नाही. त्यांना पुढच्या खाटेवरून हाक आली.

महिना-दीड महिन्याने तो पुन्हा पुलाखालच्या दुकानात गेला. दुकानवालीला वाटलं, काही ढिलं झालं असेल. तिने पाना उचलला.

"माझे जुने आहेत का गं अजून?"

ते खोक्याच्या तळाशी होते. तिने काढून दिले. "काका, नव्यात काही खोट आहे का? बदलून देते."

"खोट नाही. फार चांगले आहेत." मग त्याने विचारलं, "नव्यात तसा आवाज घालता येतो का?"

"आवाज काढतात, काका. घालत कोणी नाही."

"मग जुनेच लाव."

तिने जुने लावले. गंज पुसायला फडकं घेतलं तर त्याने हात धरला. बोल्टला तेलाचा थेंब लावू दिला नाही. लावण्याचे पैसेही तिने घेतले नाहीत.

आता तो बाजारातून जातो तेव्हा दोन गल्ल्या आधी कळतं. बूटवाला म्हणतो, "आली वरात." किल्लीवाला हसतो. वळणावर खाली उतरतो, फळी उचलून फिरवतो, धप्पकन ठेवतो. नवे ट्रक तिच्या ट्रंकेत आहेत. ट्रंकेची किल्ली त्याच्याच खिशात असते.

दुकानवालीचे तीनशे पन्नास रुपये अजून द्यायचे आहेत.