बसून भांडणाऱ्या आपा

"गुरुवारी कोण बसणार? पडेगावची सविता यायचीय." आपांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं इथून सुरू झालं. दवाखान्यातल्या खाटेवर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज खोल गेला होता, प्रश्न मात्र नेहमीसारखा सरळ होता. मी म्हणाले, "आपा, मला समजावता येत नाही. मला भांडता येतं." त्या हसल्या, हसता हसता खोकल्या. "मंग भांड की. पण बसून भांड. उभं राहून भांडलं की समोरचा दाराकडंच बघतो." त्यानंतर आठवडाही गेला नाही… आपा गेल्याचा त्यांच्या भाचीचा, नसीमचा, फोन आला आणि मी हातातली पत्रकं तशीच टाकून छावणीकडं निघाले.

आपा समुपदेशक होत्या. छावणीच्या बाजारामागं त्यांच्या घराची पुढची खोली दर गुरुवारी सगळ्यांसाठी उघडी असायची. सासरी छळ होणाऱ्या बाया, बायको माहेरी निघून गेली म्हणून चिडलेले नवरे, दोन्हीकडचे मामा-काका, सगळे एकाच सतरंजीवर बसायचे. मधोमध आपा आणि त्यांच्यासमोर सूप, त्यात तुरीची डाळ नाहीतर ज्वारी. आलेल्याला आधी पाणी मिळायचं, मग सूप. "खडे काढत काढत बोल."

मी चळवळीच्या घरात वाढले. आमच्याकडं पोहेसुद्धा उरलेल्या पत्रकांवर खाल्ले जायचे, मी अक्षरं शिकले तीही त्यांवरच. कॉलेजात असताना पहिल्यांदा त्या खोलीत गेले आणि माझं डोकं तापलं. गालावर वळ घेऊन बाई आलीय आणि इथंही तिच्यापुढं डाळ? मी तसं बोलूनही दाखवलं. आपा म्हणाल्या, "डोळे उघडून बघ, बेटा. सूप कुनाच्या मांडीवर हाय?" सूप नवऱ्याच्या मांडीवर होतं. रिक्षा चालवणारा दणकट गडी, खडे ठेवून डाळच बाजूला टाकत होता. "पाव्हणं, तेवढी डाळ ऱ्हाऊ द्या, संध्याकाळी वरण करायचंय मला," आपा म्हणाल्या. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या मामांना हसू आवरेना. आणि मग ती बाई बोलायला लागली. त्याचे हात गुंतलेले, मान खाली. त्याला ऐकावंच लागलं.

हे सूप कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या लहान होत्या, सिल्लोडजवळच्या एका खेड्यात राहत होत्या. रझाकारांचा सूड दिसेल त्या मुसलमानावर घ्यायला निघालेली माणसं गावात शिरली. त्यांचे वडील बाहेर गेले होते, ते परत आलेच नाहीत. शेजारच्या शेतकऱ्याच्या बायकोनं या मायलेकींना धान्याच्या खोलीत लपवलं आणि स्वतः उंबऱ्यावर ज्वारी पाखडत बसली. विचारायला आलेल्यांना मान वर न करता म्हणाली, "इथं कुनी नाय." आत लपवताना तिनं या पोरीच्या ओच्यात मूठभर ज्वारी टाकली होती. "खडे काढ गं, रडू नको." आपा म्हणाल्या, "रडू थांबलं नाय. पर आवाज नाय फुटला." आणि लगेच मला ओरडल्या, "तू काय बघत बसलीस? चहा ठेव."

शोकसभेत एक पाहुणे म्हणाले, आपांनी मोडणारे संसार जोडले. सगळ्यांनी माना डोलावल्या. हा लेख मी त्या वाक्यासाठी लिहिते आहे. आपांनी कुठल्याही बाईला 'परत जा' म्हटलं नाही. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "तुला काय पायजे?" उत्तर आई देऊ लागली, भाऊ देऊ लागला, की आपा हात वर करायच्या आणि ती स्वतः बोलेपर्यंत थांबायच्या. एकदा एकानं त्या खोलीतच बायकोवर हात उचलला. आपांनी सूप उचललं, चपला घातल्या आणि त्या बाईला घेऊन त्या पोलीस ठाण्यात जाऊन बसल्या. तिथले साहेब म्हणाले, "आपा, घरातला मामला आहे, मिटवून टाका." आपा म्हणाल्या, "मिटवायचं का लिव्हायचं, ते ती सांगंल. तुम्ही पेन काढा." तक्रार लिहून झाल्यावरच त्या बाकावरून उठल्या. याला जोडणं म्हणत असतील, तर म्हणोत.

आमची भांडणंही होत. मारणाऱ्यांची नावं पत्रकात छापावीत, असं माझं म्हणणं. त्या म्हणत, "त्याच्याबरोबर तिचं नाव बी छापतं." त्या वादात मी अजून हार मानलेली नाही…

पडेगावच्या सविताला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. लग्नात कबूल केलेलं शिक्षण सासूला आता नको होतं, नवरा गप्प होता आणि मुदत संपत आली होती. नसीम म्हणाली, "खोली बंद ठेवू या का?" मी नाही म्हणाले. गुरुवारी तिघं आली. सासूनं मला नीट न्याहाळलं. "आपा नाय तर बोलायचं कुनाशी? ही तर पोरगी हाय." हक्कांवरचं अख्खं भाषण माझ्या जिभेवर आलं होतं. मी खाली बसले. खिळ्यावरचं सूप काढलं, डाळ ओतली आणि नवऱ्यापुढं सरकवलं.

"हे काय?"

"तुरीची डाळ. खडे काढा. सविता, तुला काय पाहिजे?"

"तिला काय पायजे, मी सांगते," सासू म्हणाली.

"काकू, मी सविताला विचारलंय."

मी थांबले. आपा कशा थांबत असतील, ते तेव्हा कळलं. दाराबाहेर भाजीवाला ओरडून पुढं निघून गेला, तरी ती बोलेना. मग म्हणाली, "मला शिकायचंय. घर बी सोडायचं नाय." नवरा सुपाकडं बघतच म्हणाला, "आई, लग्नात मी व्हय म्हणलो होतो. उद्या मीच नेतो हिला." आणि त्यानं नेलं.

त्या संध्याकाळी नसीमनं त्याच डाळीचं वरण केलं. पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली खडा आला. सूप धुऊन, पुसून मी पुन्हा खिळ्याला टांगलं. सविताच्या सासूबाई अजून रुसलेल्या आहेत. येत्या गुरुवारी त्यांना बोलावलंय; सूप त्यांच्यापुढं ठेवणार आहे.