म्होरक्यापासनं

आठ दिवस मी प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतली एकच ओळ वाचत होतो आणि तिचा काही केल्या अर्थ लागत नव्हता. पन्नाशीत हा नाद मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून लावून घेतला होता. एका दगडाच्या फोटोवरून ती ओळ वहीत उतरवली होती. आज जमलं नाही तर वही रद्दीत, असं ठरवूनच येरमाळ्याच्या स्टँडवर बसलो होतो.

खांद्यावर घोंगडी टाकलेला एक मेंढपाळ शेजारी टेकला. त्यानं सरळ वहीत मान घातली.

“गुरुजी, ही पाखरं काय म्हणत्यात?”

“काहीच न्हाय.”

वहीला न लावता त्यानं बोट ओळीवरून हवेतच फिरवलं. “समद्यांची तोंडं उजवीकडं हायत. आमी मेंढरं मोजताना म्होरक्यापासनं मोजतो. तुमी शेपटाकडनं घुसलाव व्हय?”

हे व्हिडिओतही सांगितलं असणार. मी तो भाग पळवला होता. मुकाट्यानं उजवीकडून सुरुवात केली. भाकरी, बिअर, बैल, पाखरं! मेलेल्या माणसाला दाखवलेला नैवेद्य होता तो. मी जवळजवळ ओरडूनच त्याला सांगितलं.

“मंग आपल्यावानीच हायत की,” तो म्हणाला आणि कागदावरच्या पाखरांकडं पाहुण्यांकडं बघावं तसा बघत राहिला. बस लागली, तसा उठून गेला.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, “मेलेल्याच्या ताटात काय काय होतं ते कळलं. शिकवणाऱ्याला कपभर चहा तरी विचारलात का?”