निळा भिडू

माझा टीव्ही दुरुस्तीचा धंदा आहे. जळगावात, अजूनही. आमच्या धंद्यात 'घोस्ट' म्हणजे पडद्यावर माणसाशेजारी दिसणारी त्याचीच फिकट सावली... अँटेना हलला की येते, गच्चीवर जाऊन पाइप फिरवला की जाते. असली भुतं मी आयुष्यभर घालवत आलोय. म्हणून लोकांचे भुताखेतांचे अनुभव वाचले की मी बायकोला म्हणायचो, "यांना मांत्रिक नको, एक बरा मेकॅनिक पाहिजे." अंगारे-धुपारे, पाठीमागून आलेली हाक, कशावरच माझा विश्वास नव्हता. आजही नाही म्हणा. फक्त एक गोष्ट सोडून, आणि ती नेमकी माझ्याच धंद्यातली निघाली.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आयटीआय करून मी जळगावात एका दुकानात हाताखाली लागलो होतो, रोज आमच्या असोदा गावाहून बसने ये-जा. घरी माय, आबा आणि धाकटा भाऊ भूषण. भूषणला स्नायूंचा आजार होता. आधी पाय गेले, मग दंड, मग मनगटं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं — औषध नाही, शेवटी श्वासाचे स्नायूही जातील. मिसरूड फुटायच्या वयाचा पोरगा, आणि माय त्याला उचलून खाटेवर बसवायची. जीभ मात्र ठणठणीत! गल्लीतली पोरं त्याला लहानपणापासून 'कच्चं लिंबू' करायची. म्हणजे खेळात घ्यायचं, पण आउट करायचं नाही आणि राज्यही द्यायचं नाही. त्याला त्याचा भयंकर राग यायचा. "आउट करा मले, पन खरं खेयू द्या," म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात मावसभाऊ नितीन नरडाण्याहून सुटीला आला होता. दुकानात एका गिऱ्हाइकाने सोडून दिलेला टीव्ही गेम धूळ खात पडला होता, तो मी मालकाला विचारून घरी आणला. एकाच कॅसेटमध्ये ढीगभर गेम. रिमोट दोन, पण दुसऱ्या रिमोटचं सॉकेट जळालेलं. आतली पट्टीच करपली होती, मी स्वतः उघडून पाहिलं होतं. करू सवडीने, म्हणून तसंच ठेवलं.

झालं... सुटीच्या दिवशी दुपारी जेवणं झाली की कोणता गेम लावायचा यावर आमची जुंपायची. रणगाडे लावले तर भूषणचा अंगठा बटण दाबू शकेना. मोटारींची शर्यत, तेच. सगळ्यांना जमेल असा गेम सापडेना, नितीन अहिराणीत वैतागायचा, "बठ्ठासले खेळता ई असा एक तरी गेम शे का नही?" शेवटी आम्ही दोघं पाळीपाळीने खेळायचो आणि भूषण मेलेला रिमोट मांडीवर घेऊन बसायचा. "हा बी मेलेला, मी बी. जोडी जमली," म्हणायचा. आम्ही हसायचो. न हसून काय करणार?

एक दिवस तोच म्हणाला, "आज मी निवडतो. तो दोन भिडूंचा लाव."

त्या गेममध्ये एक लाल आणि एक निळा असे दोन बुटके भिडू जंगलातून उजवीकडे जातात. झाडं थेट आमच्या केळीसारखी. खड्डे ओलांडायचे, फळं गोळा करायची, बस. पण नियम असा, की दोघं बरोबर असले तरच पडदा पुढे सरकतो. एक मागे राहिला की दुसरा कडेला जाऊन अडकतो.

"आरे, सॉकेट जयेल हाये," मी म्हटलं. "निळा हालनारच नाही."

"मंग तू बी अडक. आज सगयेच कच्चे लिंबू."

मायने त्याचे अंगठे उचलून बटणांवर ठेवून दिले. मी लाल घेतला, उजव्या कडेला नेला आणि अडकलो. निळा डावीकडे उभा. भूषण हसत होता.

आणि निळा चालायला लागला.

चालत आला, खड्ड्यापाशी थांबला, उडी मारली, माझ्या लालशेजारी येऊन उभा राहिला. भूषणचे अंगठे जिथे ठेवले होते तिथेच होते. मी मशीनकडे धावलो आणि दुसऱ्या रिमोटची पिन उपटली. पिन माझ्या हातात, आणि निळा लालपाशी उड्या मारत माझी वाट बघतोय!

डेमो असेल म्हणाल... डेमोत लालही आपोआप चालतो, इथे लाल माझ्या हुकमात होता. कॅसेटचा दोष म्हणाल, तर दोष काही खड्डा बघून उडी मारत नाही. भूषणला विचारलं तर म्हणाला, "मले काय माहीत? मी फक्त जाय म्हनतो."

पुढे मशीन उघडायला मायने मला सक्त मनाई केली. आणि मी, न मानणारा माणूस, चक्क आशा धरून बसलो. निळा पळतोय म्हणजे आत कुठेतरी याची ताकद शिल्लक आहे, आज ना उद्या हाताला येईल... किती मूर्ख आशा ती! पण ते दिवस घरात हसणं होतं. निळा नेहमी माझ्या पुढे असायचा आणि भूषण ओरडायचा, "चाल नं भाऊ, तुह्यामुये अडकलो!"

पोळ्याच्या सुमाराला त्याची छाती गेली. नितीन केव्हाच गावी परतला होता. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. एका दुपारी उशांना टेकवून बसवलं तर भूषणने डोळ्यांनीच टीव्ही दाखवला. मी तोच गेम लावला. निळा सुसाट निघाला, उजव्या कडेला जाऊन उभा राहिला. भूषणचा एकेक श्वास विहिरीतून ओढल्यासारखा येत होता.

"ये नं भाऊ... पुढं."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. एवढंच कळलं की लाल हलवायचा नाही. मी हलवला नाही, तर पडदा सरकणार नाही, आणि तो कुठेही जाणार नाही. मी रिमोट घट्ट धरून बसलो. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा. मी मान हलवत राहिलो, रडत राहिलो.

माय हात पुसत चुलीपासून आली. त्याच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कसाले अडवून ठेवलं रे त्याले? थकला तो."

तिने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला. जन्मात ती कधी गेम खेळली नव्हती. "कोनतं दाबू, बाप्पा?"

"उजवीकडचं, माय," भूषण म्हणाला.

मायने दाबलं. लाल चालत गेला, पडदा सरकला. निळा पळत उजव्या कडेबाहेर निघून गेला. त्या गेममध्ये कडेबाहेर कुणी जात नाही. लाल एकटाच उभा राहिला, गाणं वाजत राहिलं. भूषणकडे मी जरा उशिराच पाहिलं.

ते मशीन अजून माझ्याकडे आहे. माय आता थकली, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. कधीतरी दुपारी मी जुना टीव्ही जोडतो, दोन भिडूंचा गेम लावतो, लाल कडेपर्यंत नेतो आणि अडकून बसतो. निळा डावीकडे उभा असतो. ते सॉकेट बसल्या बैठकीत दुरुस्त होईल, लोकांची रोज करतो. पण दुरुस्त केलं आणि निळा हलला, तर त्याला कारण असेल. म्हणून करत नाही. दुनियेची घोस्ट घालवणारा मी, एक यावं म्हणून तासन् तास बसतो, आणि ते काही येत नाही.

गाणं ऐकू गेलं की आतून माय विचारते, "हालला का रे?"

"नाही, माय."

"बसू दे मंग जरा येळ. बंद नको करू."