बिनशिक्क्याची मुदतवाढ

माझ्या वडिलांना सगळी सोसायटी सिग्नलकाका म्हणते. चौकात चिटपाखरू नसलं तरी हा माणूस लाल दिव्याला गाडी थांबवून हिरव्याची वाट बघत बसतो. चौतीस वर्षं त्यांनी एकाच साहेबांची गाडी चालवली, पण दंडाची एक पावती कधी फाडावी लागली नाही. त्याचा त्यांना भारी अभिमान. मला, खरं सांगायचं तर, त्याचाच राग यायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची पहिली गाडी घेतली, छोटीशी, राखाडी. ती घेतली आईसाठी. साहेबांच्या घरच्यांना बाबा दर वर्षी डोंगरापलीकडच्या तळ्यावर न्यायचे आणि परत आल्यावर आईला सगळं सांगायचे. इतकी वर्षं आई ते तळं कानांनीच बघत आली होती. त्या वर्षी डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा विरत चाललाय, औषध नाही. समोरचं दिसणं पाच-सहा महिन्यांत जाईल, कडेकडेचं तेवढं उरेल. तिसऱ्या दिवशी बाबा शोरूममध्ये होते.

गाडी दारात आली आणि आठवड्याभरात साथीने सगळंच बंद पडलं, नोंदणीचं ऑफिससुद्धा. पक्का नंबर मिळेपर्यंतचा तात्पुरता नंबर कागदावर छापून काचेला चिकटवलेला होता. त्याची महिन्याची मुदत घरात बसल्या बसल्याच संपली. मग सरकारने अशा सगळ्या गाड्यांना मुदतवाढ दिली. रस्ते खुले झाल्यावर मी ती सूचना छापून आणली. बाबांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"शिक्का कुठे आहे?"

मी म्हटलं, ही सगळ्यांसाठी आहे, घरोघरी येऊन शिक्का कोण मारणार? पण शिक्का नाही, सही नाही, असल्या कागदावर गाडी फाटकाबाहेर काढणं त्यांच्या लेखी चोरीच होती. दुधाने यांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ताक फुंकून प्यायची सवय. दुसरी मुदतवाढ आली, तिसरी आली. मी छापून आणायची, ते घडी घालून गाडीच्या खणात ठेवायचे.

रोज दुपारी मात्र दोघं खाली उतरायची. बाबा मागचं दार उघडून धरायचे, आई मागे बसायची. चौतीस वर्षांची सवय, त्यात कुणालाच वावगं वाटत नसे. मग इंजिन बंद ठेवून बाबा तिला तळ्यावर न्यायचे.

एकदा मीही तिच्याशेजारी जाऊन बसले. उन्हाने आतली हवा कोमट झाली होती, पेंग यावी अशी. बाबा हलक्या आवाजात सांगत होते. आता वीटभट्टी गेली. आता चढण लागली. त्यांनी गिअर बदलला. वळणावर आई जराशी कलली आणि गाडी जागची हललेली नसताना मीही कललेच. खिंडीतून आधी पाण्याची चकाकती रेघ दिसते, ते म्हणाले, मग झाडांतून अख्खं तळं. आम्ही तिघं बघत राहिलो. समोर सोसायटीची पाण्याची टाकी होती, पण शपथेवर सांगते, मला गार वारा लागला.

पुढे पुढे आई बोलताना तोंड फिरवायला लागली. बोलायची माझ्याशी, बघायची खिडकीकडे. मला वाटलं, रुसलीय. मग कळलं, समोर बघितलं की समोरचं नाहीसं होतं, बाजूला बघितलं तर डोळ्याच्या कोपऱ्यात थोडं सापडतं. मी बाबांना वाटेल ते बोलले. कागदाची मुदत वाढतेय, तिच्या डोळ्यांची कोण वाढवणार? ते काच पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "अहो, शिक्का येईल तोवर मला तो दिसायचाही नाही. आज खरंच चला."

बाबांनी खणातले तिन्ही कागद काढून जवळ ठेवले. मग किल्ली फिरवली.

डोंगराच्या पायथ्याशी पोलिसाने हात केला. बाबा खाली उतरले आणि तिन्ही कागद दोन्ही हातांनी पुढे धरले. त्याने ते उघडलेसुद्धा नाहीत.

"काका, असा कागद गेले चार महिने चालतोय. जा तुम्ही."

बाबा येऊन बसले. "चार महिने," एवढंच म्हणाले. मला त्यांची फार दया आली.

तळ्याच्या काठावर आई तिरपी उभी राहिली, तोंड झाडीकडे आणि पाणी डोळ्याच्या कडेला. पुष्कळ वेळ तशीच उभी होती. रेघ दिसली, म्हणाली. मी उशीर केला, असं म्हणून बाबा रडले. नाही केला, असं काही ती म्हणाली नाही. त्यांचा हात मात्र तिने धरून ठेवला.

निघताना बाबांनी सवयीने मागचं दार उघडलं. आईने ते लावलं, गाडीला हात लावत लावत पुढे गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. मागे मी एकटी. उतार लागला. आई सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून होती.

"बाहेर काय दिसतंय गं?" बाबांनी विचारलं.

"बाहेरचं नाही," आई खिडकीकडचं तोंड न वळवता म्हणाली. "तुम्हाला बघतेय."