मामा लेकीकडे जेवले

आमचे मामा जेवायला कुणालाच नाही म्हणत नसत. पिंपळगावात बारसं असो, तेरावं असो की विहिरीला पाणी लागल्याचं जेवण असो, कुणी "बसा अण्णा" म्हटलं की मामा मांडी घालून बसलेच, मग भले घरून नुकतेच जेवून निघालेले असोत. सरपंचाकडे ज्या चवीने जेवत, त्याच चवीने बौद्धवस्तीतल्या आपल्या शाळासोबत्याकडे जेवत. मामी वैतागायची. मामांचं उत्तर ठरलेलं असे, "वाढणाऱ्याचा हात परत पाठवू न्हाई. त्याला वाईट वाटतं."

अशा माणसाने जगात एकच दार वर्ज्य मानलं होतं, आणि ते एकुलत्या एका लेकीचं. ही रीत आमच्याकडे जुनी आहे. लेक एकदा दिली की तिच्या सासरी आईबापाने अन्नाला शिवायचं नाही. चहासुद्धा नाही. तिला मूल झालं की मात्र सगळं मोकळं. मी लहानपणी मामांना याचं कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "दिलेल्या घरातून परत घ्यायचं न्हाई, बाई. लेकरू झालं की ते घर नातवाचं होतं. नातवाकडं मंग हक्कानं ताट मागायचं." मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

त्यांची लेक वैशाली इंजिनियर झाली, पुण्याहून नोकरीसाठी ऑस्ट्रियात गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मामांनी फारसा त्रागा केला नाही. जावई पिंपळगावला आला तेव्हा त्याने वाढलेलं सगळं खाल्लं आणि ठेचा मागून घेतला. तेवढ्यावर मामा खूश झाले. जावयाचं नाव लुकास. त्याच्या आईचं, मारियाबाईंचं, डोंगरातल्या एका खेड्यात लहानसं हॉटेल होतं. नवरा वारल्यावर त्यांनी ते एकटीने चालवलं होतं. पुढे लुकास आणि वैशालीही नोकऱ्या सोडून त्यातच आले. मामा फोनवर दर वेळी तेच म्हणत, "नातवाचं तोंड दाखव, मंग बघ तुझा बाप कसा जेवतो तुझ्याकडं." पलीकडून वैशाली हसायची. निदान आम्हाला ते हसणं वाटायचं.

मामी गेल्यावर मामा घरात नुसते बसून राहायला लागले. वैशालीने तिकिटं पाठवली. सोबत म्हणून माझी निवड झाली, कारण मी जालन्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिथे सगळे जर्मन बोलतात हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मे महिन्याच्या फुफाट्यातून आम्ही निघालो आणि दुसऱ्या दिवशी समोर डोंगरावर बर्फ. मामांनी वर बघितलं, मफलर आवळला आणि म्हणाले, "पाण्याची चिंता न्हाई या लोकांना."

हॉटेल म्हणजे आपल्या मनात येतं तसं काही नव्हतं. लाकडी दोन मजली घर, थोड्याशा खोल्या, खिडक्यांत फुलांच्या पेट्या, मागे गोठा. खालच्या स्वयंपाकघरात एक मोठं टेबल होतं, तिथे घरचे जेवत. पाहुण्यांची जेवणाची खोली वेगळी. मारियाबाईंनी आमची ताटं घरच्यांच्या टेबलावर मांडली होती. त्यांच्या दृष्टीने यापेक्षा मोठा मान नव्हता.

मामा मात्र येताना मनाशी हिशेब करून आले होते. मला विमानात म्हणाले होते, "हॉटेल हाय म्हणून चाललो. बिल दिलं की रीत मोडत न्हाई." पहिल्या सकाळी त्यांनी पाकीट काढलं. लुकासला आधी कळेना, कळल्यावर तो हसला आणि पाकीट मामांच्या खिशात परत घातलं. घरच्या माणसाकडून पैसे घेणं त्यांच्यातही बसत नव्हतं. झालं. मामांनी पाकीट ठेवलं, खुर्ची मागे सारली आणि खोलीत जाऊन पिशवीतले धपाटे काढले. लुकासने पैसे घेतले असते तर पुढचं काहीच झालं नसतं असं मला अजूनही वाटतं. किंवा झालं असतं, फक्त उशिरा.

वैशालीने सासूला सांगितलं की अण्णांचा उपवास आहे. मारियाबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी उकडलेले बटाटे ठेवले, तिसऱ्या दिवशी सफरचंदं शिजवून ठेवली. रोज नवीन काहीतरी. मामा हात जोडून नमस्कार करायचे आणि बाहेर पडायचे. पाणीदेखील रस्त्याकडेच्या झऱ्यावर जाऊन प्यायचे. कामाला मात्र कधी मागे नव्हते. जळणाची लाकडं फोडून ठेवलेली होती, ती त्यांनी भिंतीला लावून अशी रचली की मारियाबाई शेजारणीला बोलावून दाखवत होत्या. गोठ्यातल्या एका गाईचा पाय दुखरा आहे हे त्यांनी लुकासला खुणांनी दाखवलं. मी म्हटलं, मामा, काम करता, झोपता, मग घासभर खाल्लं तर काय बिघडलं? "काम करायला रीत आडवी येत न्हाई. खायला येती," एवढं बोलून ते पुन्हा लाकडांकडे वळले.

मला त्यांचा राग येत होता हे कबूल करते. मारियाबाईंचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता, आणि वैशालीचा त्याहून. ती मामांच्या खोलीत टॉवेल ठेवायला जायची आणि डोळे लाल करून यायची. मला वाटे सासूपुढे मान खाली जाते म्हणून.

चौथ्या दिवशी धपाटे संपले. पाचव्या दिवशी मामा सकाळीच खाली बाजारात गेले, बेकरीतून पाव घेतला आणि हॉटेलसमोरच्या बाकड्यावर बसून नुसताच खाऊ लागले. त्या खेड्यात शे-दीडशे घरं असतील. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. आपल्याकडे एखाद्याचा व्याही दारासमोर पारावर बसून कोरडी भाकरी खाऊ लागला तर गाव काय म्हणेल? तिथलं गावही तेच म्हणत होतं. मारियाबाईंनी खिडकीतून ते पाहिलं. हातातलं भांडं ओट्यावर आपटून त्या सुनेला काहीतरी बोलल्या. अर्थ मला नंतर कळला: माझ्या घरात असं काय कमी आहे, ते तुझ्या वडिलांना एकदा विचार.

वैशाली एप्रनवरच बाहेर गेली. मी मागोमाग गेले.

"अण्णा, आत चला."

"खातो की इथंच. ऊन चांगलं हाय."

"लोक बघून राह्यलेत."

"बघू दे. चोरी थोडीच करून राह्यलो?"

वैशाली त्यांच्या शेजारी बसली. समोर डोंगराकडे बघत म्हणाली, "नातू झाल्याबिगर तुम्ही माझ्याकडं जेवणार न्हाई. बराबर?"

"रीतच हाय ती. तुझ्यावर राग थोडाच हाय?"

"मंग तुम्ही कधीच जेवणार न्हाई, अण्णा. दोनदा राह्यलं अन् दोन्ही बारीला गेलं. दुसऱ्या बारीला पिशवीच काढावी लागली. आता काही होणार न्हाई." तिचा आवाज अगदी सरळ होता. "रोज सकाळी तुम्ही ताटावरून उठता ना, रोज मला तेच सांगता तुम्ही."

मामांनी उरलेला पाव कागदात गुंडाळून ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला ठाव होतं?"

"होतं. तुम्हाला सांगू नको म्हणली. तुम्ही झुरणीला लागाल म्हणली."

मला त्या क्षणी फोनवरचं ते सगळं आठवलं. नातवाचं तोंड दाखव, असं मामा दर आठवड्याला म्हणत होते. शेजारी मामी भाजी निवडत बसलेली असायची. खाली मान घालून.

मामा उठले आणि वरच्या रस्त्याने चालू लागले. वैशाली हाक मारणार होती, मीच तिला धरलं. दुपार झाली, ऊन कललं, लुकास गाडी काढायच्या बेतात होता. तेवढ्यात मामा परत आले. झऱ्यावर हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, जोडे दाराशी काढले आणि थेट स्वयंपाकघरात येऊन घरच्यांच्या टेबलाशी बसले.

"वाढ," ते वैशालीला म्हणाले.

तिने सूप वाढलं. त्यात धिरड्याच्या बारीक पट्ट्या कापून घातलेल्या होत्या. मारियाबाईंनी बटाट्याचे गोळे ठेवले. मामा सगळं जेवले. पण पंगतीला रंग आणणारे आमचे मामा ते नव्हते. घास गिळताना ते डोळे मिटून घेत होते. मी आधी समजले होते की त्यांना एक जुनी रीत तेवढी मोडायची आहे. तसं नव्हतं. इतकी वर्षं ते लेकीकडे जेवणार नाही म्हणत होते, तेव्हा ते नातवाची वाट बघत होते. त्या टेबलाशी बसणं म्हणजे ती वाट बघणं सोडून देणं होतं, आणि ते त्यांनी लेकीच्या डोळ्यांदेखत, तिच्या हातचं खाऊन सोडलं. मारियाबाई आनंदाने पुन्हा वाढत होत्या. त्यांना वाटलं व्याह्यांचा रुसवा गेला. वैशाली भांडारघरात जाऊन दार लावून रडली. राहिलेले सगळे दिवस मामा तिन्ही वेळा तिथेच जेवले. मात्र "भारी झालंय" असं एकदाही म्हणाले नाहीत.

निघताना वैशालीने त्यांना वाकून नमस्कार केला. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. पुन्हा भेट झाली नाही. पुढच्या पावसाळ्यातच मामा गेले.

पण त्याआधी, आम्ही परतलो त्या संध्याकाळी पिंपळगावात जे घडलं ते सांगायला हवं. मामांनी एसटीत कुणाला तरी सहज सांगितलं होतं की हो, जेवलो लेकीकडे. गावात याचा एकच अर्थ होतो. आम्ही घरात टेकतो न टेकतो तोच बायका दारात. पुढे सरूमामी, मामांच्या चुलत भावाची बायको, भावकीतली सगळ्यात थोरली. तिच्या मुठीत साखर होती.

"भावजी, तोंड उघडा आधी. जेवला म्हणं लेकीकडं. काय झालं, नातू का नात?"

मामा उभे राहिले. बायकांसमोर ते असल्या विषयावर कधी बोलत नसत.

"काही न्हाई झालं, वहिनी. होणार बी न्हाई. तरी जेवलो."

मागच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, रीत मोडली म्हणा की. मला वाटलं आता सरूमामी फटकारणार. गावात रीतीभातीवर शेवटचा शब्द तिचा असे, आणि तिने स्वतः कधी कुणाची गय केली नव्हती. तिची लेक शांता अंबडला दिलेली होती. तिला मूल झालं नाही. दोन वर्षांपूर्वी ती कावीळ होऊन गेली.

सरूमामी उंबऱ्यावर खाली बसली. साखर मुठीतच होती.

"काय म्हणली पोरगी, तुम्ही जेवल्यावर?" तिने विचारलं.

"काही न्हाई. रडली."

बायका एकेक करून निघून गेल्या. सरूमामी बसूनच होती. मी दिवा लावला, पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं नाही.

"सकाळच्या गाडीनं जायचे मी अंबडला," ती शेवटी म्हणाली, मामांकडे न बघता. "भाकरी पदरात बांधून न्यायचे. स्टँडवर खायचे अन् मंग तिच्या घरी जायचे. दर बारीला कप घेऊन माझ्यापुढं उभी राहायची ती. चहा तरी प्यायला पाह्यजे होता मी, भावजी."