सोफ्यावरून विचारलेला प्रश्न

बाळांनो, "आजी, आम्ही कॅनडात का राहतो आणि तुम्ही पुण्यात का?" असं तुम्ही फोनवर मला विचारता. तुमचा बाबा याचं उत्तर एका वाक्यात देतो, "जॉब गेला म्हणून." उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. शाळेत शिकवत असताना अशा उत्तराला मी अर्धेच गुण देत असे. म्हणून पुढचं लिहिते.

तेव्हा आपण सगळे दुबईशेजारच्या शारजात, अल नहदाला राहत होतो. ताई, तू दुबईत ऊद मेथाच्या शाळेत केजीत जात होतीस. धाकट्या, तुझा अजून पत्ता नव्हता. अमेरिकेतल्या बँका बुडाल्याच्या बातम्या आम्ही टीव्हीवर पाहिल्या त्या दुसऱ्याच कुणाच्या म्हणून, आणि काही महिन्यांतच तुमच्या बाबाची नोकरी गेली. तो एका बांधकाम कंपनीत होता. इमारत उभी राहायच्या आधी तिला किती सिमेंट, किती लोखंड लागेल याचे हिशेब करायचा. इमारतीच थांबल्या, तेव्हा हिशेब करणाऱ्याचं काय काम? नोकरी गेली की तिथं व्हिसाही जातो. महिन्याभरात दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा.

त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. दुबईत सिलिकॉन ओएसिसमधला एक मित्र त्याला निम्म्या पगारावर घ्यायला तयार होता. बाजार सुधारेपर्यंत तग धरता आला असता. दुसरी वाट कॅनडाची. "असू द्यावेत" म्हणून कधीतरी तुमच्या आई-बाबांसाठी आणि ताईसाठी केलेले, तिथं स्थायिक व्हायचे कागद नेमके तेव्हाच मंजूर होऊन आले होते, आणि त्यांनाही मुदत होती. तुमच्या आईला जायचं होतं. आजोबांना आणि मला तो जवळ हवा होता. तो स्वतः काहीच बोलत नव्हता. मित्राला उत्तर द्यायचा दिवस उद्यावर आला होता.

त्याच संध्याकाळी दुबईतल्या एका विद्यापीठात जाहीर चर्चा होती. अमेरिकेत नवे राष्ट्राध्यक्ष येऊन थोडेच आठवडे झाले होते. त्यांच्या कारभाराचा आढावा तीन जाणकार घेणार होते. आजोबांनी पेपरातली जाहिरात तुमच्या बाबापुढे ठेवली.

"आग तिथं लागलीय, तर विझणार कधी तेही तिथलेच लोक सांगतील. ऐकू आणि मग ठरवू."

"बाबा, ते माझ्या नोकरीबद्दल बोलणार नाहीयेत."

"सगळं एकच आहे रे. चल."

आजोबा ज्या गावात वाढले तिथं व्याख्यान म्हणजे अर्धा तास आधी जायचं आणि रुमाल टाकून पुढची जागा धरायची. इतकी वर्षं आखातात काढूनही ती सवय गेली नव्हती. आम्ही तिघं पोचलो तेव्हा पाहिलं, सभागृहात पहिल्या रांगेत खुर्च्या नव्हत्या, मोठे पांढरे सोफे होते. समोर छोटी टेबलं, त्यांवर पाण्याच्या बाटल्या. आजोबांनी एका सोफ्यावर रुमाल टाकला आणि शेजारी बसले.

"बाबा, उठा. ही शेखांची, मोठ्या पाहुण्यांची जागा आहे."

"रिकामी आहे ना? कुणी आलं तर उठू."

"कुणी आलं तरी ते उठवणार नाहीत. तोच तर प्रॉब्लेम आहे."

झालंही तसंच. काळ्या पायघोळ अबायातली एक विद्यार्थिनी आली. तिनं रुमालाकडे पाहिलं, आजोबांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि "वेलकम, सर" म्हणून कॉफीच्या दोन इवल्या वाट्या पुढे केल्या. मग तुमच्या बाबालाही दिली. आता उठणं जास्त वाईट दिसलं असतं. आम्ही बसून राहिलो.

मंचावर एक अमेरिकी प्राध्यापक होते, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एक लेबनॉनी बाई होत्या, आणि तिथलेच एक वयस्कर बँकर. प्राध्यापक म्हणाले, नव्या सरकारची भाषा आश्वासक आहे, पण भाषेवरून कारभार जोखता येत नाही. बाई म्हणाल्या, ओतलेला पैसा झिरपायला वेळ लागतो. बँकर म्हणाले, उन्हाळ्यानंतर सगळं पूर्ववत होईल, इन्शाल्ला. आजोबांनी तेव्हा मान डोलावली आणि तुमच्या बाबाकडे पाहिलं. तो बुटांकडे पाहत होता.

मग प्रश्नांची वेळ आली. सूत्रसंचालक म्हणाले, "पहिला मान आपल्या पाहुण्यांचा." माईक थेट आमच्या सोफ्याशी आला. आजोबांनी सकाळपासून बँकांवरच्या नियंत्रणाबद्दल एक लांबलचक प्रश्न पाठ केला होता. मला तो दोनदा ऐकवलाही होता. ते उभे राहिले, आणि प्राध्यापकांकडे पाहून इंग्रजीत म्हणाले,

"सर, हा माझा मुलगा. याची नोकरी गेली आहे. इथं निम्म्या पगारावर थांबायचं की देश सोडायचा, हे त्याला उद्या सांगायचंय. तुमच्या सरकारकडे बघून त्यानं काय करावं?"

नोकरी गेल्याचं आम्ही आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं तो रजेवर आहे. मी हातातली वाटी घट्ट धरून बसले.

"थांबा," बँकर लगेच म्हणाले. "या शहरानं याहून वाईट दिवस पाहिलेत."

प्राध्यापक मात्र म्हणाले, "आमचं नवं सरकार यशस्वी होईल असं मला वाटतं. पण त्याचा गुण इथपर्यंत कधी पोचेल, हे मला माहीत नाही. तुमच्या मुलाला मी थांब म्हटलं, तर ती माझी सदिच्छा असेल, अभ्यास नव्हे. सॉरी, सर."

मी सहज मागे वळून पाहिलं. प्रश्न विचारायला वर झालेले कितीतरी हात खाली आले होते. त्यांचाही प्रश्न बहुधा तोच होता.

गाडीत बसेपर्यंत तुमच्या बाबानं दम धरला.

"चारचौघांत माझी शोभा करायची काय गरज होती?"

"मग कुठं विचारू? घरात तू तोंड उघडतोस?"

"तुम्हाला काय सांगू? थांबतो म्हटलं तर तुमची सून रडते. जातो म्हटलं की आई ताट तसंच ठेवून उठते."

ते खरं होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. शारजाच्या ज्या रस्त्यावर संध्याकाळी तासभर गाडी हलायची नाही, तिथून आम्ही सरळ निघालो होतो.

"रस्ता आज बरा आहे," काहीतरी बोलायचं म्हणून आजोबा म्हणाले.

"माणसं गेली, बाबा. म्हणून मोकळा आहे."

थोडं पुढे गेल्यावर आजोबाच म्हणाले, "त्या बँकरला तुला बरं वाटावं असं वाटलं. मलाही तेच वाटत होतं इतके दिवस." मग म्हणाले, "तू जा."

तुमच्या बाबानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. 'नको जाऊस' असं मी म्हणू शकले असते. त्यानं ऐकलंही असतं, हे मला ठाऊक होतं.

"थंडीचे कपडे तिकडेच घ्या," मी म्हटलं. "इथं चांगले मिळत नाहीत."

घरी तुमच्या आईनं दार उघडलं. "काय म्हणाले ते?"

"त्यांनाही माहीत नाही," तुमचा बाबा म्हणाला. "आपण जातोय."

ती ओढणी तोंडाशी धरून तिथंच उभी राहिली. ताई, तू तिच्यामागून आलीस, कॅनडा हा शब्द तुला नवा नव्हता, आणि तू माझा हात धरून इंग्रजीत विचारलंस, "इज आजी कमिंग टू?"

बाकीची मोठी माणसं तीन होती, पण सगळी माझ्याकडेच बघत होती. मी खाली बसले आणि तुला सांगितलं की नाही, आजी नाही येणार.