दुपारची सुट्टी मागणारी अक्का

अक्काला हळू बोलता येत नसे. सून रुसल्याची गोष्ट तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या कानात सांगितली, ती साऱ्या बायकांनी ऐकली. पलीकडे भाकरी खाणारी सून सविताही हसू लागली. बीदरजवळच्या खडी केंद्रावर, दगड फोडणाऱ्या मशीनपाशी अक्काचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कान त्या आवाजातच गेले. मी तिथे खडी वाहणारा टिपर चालवायचो.

इतर बायकांचे कान वाचावेत म्हणून तिने जुनं लुगडं फाडून बोळे केले. पण बोळे घातले की टिपरचा हॉर्न ऐकू येईना. एक बाई चाकाखाली येता येता वाचली, तेव्हा अक्कानेच बोळे काढायला लावले. "कान वाचवावं का जीव, तूच सांग अण्णा," ती म्हणाली.

उन्हाळ्यात दुपारी ती एकेकीसमोर उभी राहून तिच्या ओठांकडे बघे. "नाव सांग." बाई अडखळली की तिचं घमेलं काढून घ्यायची, सावलीत बसवायची, डोक्यावर पाणी ओतायची. "बोलणं अडकायलं की ऊन डोक्यात गेलं समज."

मालकाकडेही ती गेली होती. "पहाटं येताव, पर दुपारी मशीन बंद ठेवा." मालकाने त्याऐवजी सावलीला हिरवी जाळी बांधून दिली. पहिल्याच वावटळीत ती उडाली. पुन्हा कोणी बांधली नाही.

त्या एप्रिलमध्ये सासू-सून एकाच ढिगाऱ्यावर होत्या. अक्काची सविताकडे पाठ होती. सविता खाली बसली, तिचं तोंड दोनदा हललं, असं पलीकडच्या बाईने नंतर सांगितलं. मशीनच्या आवाजात हाक कुणालाच ऐकू गेली नाही. अक्का वळली तोवर सविता पडली होती.

टिपरमधूनच तिला बीदरला नेलं. तापलेलं अंग मांडीवर घेऊन अक्का वाटभर म्हणत होती, "नाव सांग, सविता. नाव सांग गं."

सविता वाटेतच गेली. दुसऱ्या सकाळी मशीन सुरू झाली. तेराव्यानंतर अक्का आली, ती पुन्हा दुपारची सुट्टी मागायला. "पोरगी आधीच अशक्त होती," मालक म्हणाला. "तुला झेपत नसेल तर येऊ नको." ती परत आली नाही. पुढे मीही ते काम सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर ती भेटली. मुलगा काय करतो, मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"त्याच मशीनवर जायलाय."

"तू जाऊ दिलंस?"

"नको म्हणलं. तर म्हणला, मग कुठं जाऊ, तूच सांग." तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. "मला सांगता आलं न्हाई, अण्णा."